दरबारी झगा, सारंगचा शर्ट

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

उजवा हात आधी! आज घाईत डावा आधी घातला आणि मग उजवा काही केल्या बाहीत शिरेना. शर्ट काढला, पुन्हा पहिल्यापासून. लुळा हात आधी, चांगला नंतर — मार्चमध्ये हॉस्पिटलात शिकवलं तेव्हापासून रोज करतेय, तरी चुकले. सारंग काही बोलला नाही. तसाही तो बोलत नाही फारसा. पक्षाघाताने उजवी बाजू नेली आणि शब्दही नेले. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. पण बाहेर येतात ते दिवसाला दहा-बारा शब्द.

पावणेआठला आमची लेक वल्लरी बाबाला खाली नेऊन व्यायामाच्या डे सेंटरच्या व्हॅनमध्ये बसवते आणि तशीच पॉलिटेक्निकला जाते. मी सव्वासातला बाहेर. तोआ पायोह ते आंग मो किओ, मेट्रोची तीनच स्टेशनं. तेवढ्यात उभ्याउभ्या डोळा लागतो.

वर्कशॉपमध्ये नवीन काम. मालकीण मिस गोह टाळ्या वाजवतच आली. म्युझियमचं प्रदर्शन आहे — अठराव्या शतकातल्या बायकांचे दरबारी पोशाख. चार झगे शिवायचे. सगळ्यात मोठा माझ्याकडे. उद्घाटन सतरा ऑक्टोबर. तोंडाने म्हटलं, "व्हेरी नाइस." मनात म्हटलं, मेले.

९ सप्टेंबर

झग्याचं नाव मँटुआ. इंग्लंडच्या दरबारात राजाराणीपुढे जायचं तर हा हवाच. रुंदी सहा फूट! कमरेच्या दोन्ही बाजूंना वेताचा सांगाडा, त्यावर परकर, त्यावर झगा. समोरून बघावं तर बाई भिंतीएवढी, बाजूने बघावं तर फळीएवढी. दारातून आडवं जायचं, खेकड्यासारखं. एवढं नटून तिथे बसायची सोय नाही. राणीसमोर उभंच राहायचं, तासन् तास. आणि निघताना पाठ दाखवायची नाही. उलट पावली चालत बाहेर.

उभं राहायचं वाचून माझेच पाय दुखले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सारंगची बटणं लावताना काहीतरी बोलायचं म्हणून झग्याचं सांगत बसले. म्हटलं, अख्ख्या झग्यात एक बटण नाही, माहितीये? सगळं टाचण्यांनी अंगावरच टाचायचं. दोन दासी, दोन तास. बाई नुसती हात पसरून उभी.

पाच बटणं झाली. मी मोज्यांकडे वळले तर म्हणाला, "पुढे?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, पुढे काय? पाणी हवंय?

मान हलवली. "झगा. पुढे?"

मग पुढचं सांगितलं. मोजे होईपर्यंत वेताच्या सांगाड्यापर्यंत आले. सात वीस झाले. धावत गाडी गाठली.

१५ सप्टेंबर, सोमवार

कापड आलं. फिकट निळं रेशीम, त्यावर विणलेली मोठी फुलं. सुलट बाजूला फुलं उठून दिसतात, उलट बाजूला नुसते लोंबते धागे, मांजराने ओरबाडल्यासारखे. हात लावायची भीती वाटते. एवढंच आहे, जास्तीचं नाही.

१६ सप्टेंबर

मिस गोहने काल निघताना विचारलं, "विनीता, मॉर्निंग कॅन कम अर्लियर ऑर नॉट?" म्हटलं, नाही जमणार. नवऱ्याला कपडे घालायचे असतात. ती "ओके, ओके" म्हणाली आणि नजर वळवली. बरी आहे ती. पण तारीख तीच राहते ना.

घरी आले ती चिडचिड घेऊनच. आणि हे लिहायला नको, पण लिहिते. आज सकाळी सारंग बाहीत हात घालताना नेहमीपेक्षा जड झाला होता, तेव्हा मी बोलून गेले, "तुला कपडे घालायचे नसते ना, तर मी सातलाच पोचले असते तिथे!"

तो खाली बघत राहिला. मीही बघितलं नाही त्याच्याकडे.

१७ सप्टेंबर

तरी त्याने विचारलंच. "पुढे?"

२० सप्टेंबर, शनिवार

अदितीचा पुण्याहून फोन. सारंगची धाकटी बहीण. "वहिनी, किती दिवस एकटी ओढणार आहेस? दादाला सहा महिने पाठव आमच्याकडे. खालचीच खोली आहे, दिवसभर बाई ठेवते, फिजिओ घरी येईल."

मी बघू म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी मनात सामान भरायला घेतलंसुद्धा.

वल्लरीला सांगितलं. हेडफोन काढून म्हणाली, "बाबा वॉन्ट टू गो मेह? यू आस्क हिम फर्स्ट लाह, आई." सतरा वर्षांची आहे. मला म्हणते, आधी त्याला विचार. बरोबरच म्हणते. पण विचारणार कसं? तो नाही म्हणाला तर?

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी मँटुआचा मागचा घोळ समजावत होते. कमरेमागून लांब पट्टा खाली सोडायचा, मग तोच मधे दुमडून वर घ्यायचा आणि कमरेशी टाचायचा. काल तो शिवून झाला, दोन्ही बाजूंनी साडेतीन-साडेतीन मीटर. टॉवेल घेऊन सारंगला करून दाखवलं — असा खाली, असा वर.

तो टॉवेलकडे बघत राहिला. आपला एका बाजूला छापलेली बदकं असलेला टॉवेल. डाव्या हाताने त्याचं टोक धरलं आणि म्हणाला, "उलटं."

मी म्हटलं, नाही रे, सुलटाच घातलाय शर्ट.

"उलटं." पुन्हा. जोरात. टॉवेल माझ्याकडे ढकलला.

मला वाटलं त्याला टॉवेल नकोय. घेतला, बाथरूममध्ये टाकला. उशीर होत होता. जाताना बघितलं तर तो गादीवर हात आपटत होता. असे दिवस येतात, शब्द सापडत नाही म्हणून चिडतो. सवय झालीय मला.

२४ सप्टेंबर, बुधवार

देवा!

अकराच्या सुमारास झगा पहिल्यांदा पुतळ्यावर चढवला. मागचा घोळ दुमडून वर घेतला, टाचणी लावली, दोन पावलं मागे गेले आणि बघितलं. फुलं नाहीत. नुसते धागे. ओरबाडलेले.

उलटं!

दुमडला की आतली बाजू बाहेर येते. म्हणून जिथे दुमड पडते तिथून पुढे कापडच उलटं जोडायचं असतं, म्हणजे वर घेतल्यावर फूल समोर येईल. जुन्या झग्यांमध्ये असंच असतं. माझ्या कागदावर लाल पेनाने लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. आणि मी सगळं एकाच बाजूने शिवून मोकळी झाले. बत्तीस वर्षं शिवतेय मी.

मिस गोहला बोलावलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "यू स्लीप ऑर नॉट, विनीता?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, नाही.

रेशीम आहे. उसवलं की सुईची भोकं राहतात. राहतील की नाही, ते उसवल्यावरच कळणार.

आणि त्याने टॉवेल एकदा बघितला आणि कळलं त्याला! बावीस वर्षं मोठमोठ्या कॉम्प्युटर सिस्टिम्समधल्या चुका शोधल्या ना या माणसाने. मी त्याच्या हातातून टॉवेल काढून घेतला.

२५ सप्टेंबर

सकाळी त्याला सांगितलं. "तू बरोबर होतास. घोळ चुकीचा शिवला मी."

तो हसला नाही. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "उसव. सावकाश."

दोन शब्द! एका दमात.

२७ सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस नुसतं उसवणं. मी एका बाजूने, मिस गोह दुसऱ्या बाजूने. ती मालक असून जमिनीवर मांडी घालून बसली. तिची आई चायनाटाउनमध्ये चिओंगसाम, म्हणजे चिनी झगे, शिवायची म्हणे. आई सांगायची, उसवताना बोलायचं नाही, धागा चिडतो. मग आम्ही बोललो नाही. दुपारी तिनेच खालच्या कॉफी शॉपमधून दोन कोपी आणि टोस्ट आणले आणि कापडापासून दूर, जिन्यात बसून खायला लावले.

भोकं राहिलीत. बारीक आहेत. वाफ दिल्यावर बरीचशी मिटली. उरलेल्यांवर रुपेरी लेस येईल.

आज अदितीला हो म्हणून टाकलं. मला नाही जमत आता. चुका होतायत. आज कापडात झाली, उद्या त्याच्या गोळ्यांत होईल.

२८ सप्टेंबर, रविवार

सारंगला विचारलं. म्हणजे विचारलं असं म्हणते, पण सांगितलंच. सहा महिने. अदितीकडे. तुलाही बरं, मलाही जरा —

तो खिडकीतून समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांबाहेर बांबूंवर वाळत घातलेले कपडे बघत होता. म्हणाला, "तू दमलीस."

मी म्हटलं, हो.

"जातो."

असं सहज म्हणाला, कोपऱ्यावर ब्रेड आणायला जातोय असं. मी आत जाऊन भांडी घासली. घासलेली होती, पुन्हा घासली.

१ ऑक्टोबर, बुधवार

तिकीट काढलं. दोन नोव्हेंबर, मुंबईपर्यंत. मी सोडायला जाणार, चौथ्या दिवशी परत. वल्लरी माझ्याशी बोलत नाही. दार लावून घेते. जेवायला बाहेर येते तेव्हा बाबांच्या ताटात मासे निवडून देते आणि माझ्याकडे बघतही नाही.

७ ऑक्टोबर

झगा उभा राहिला. आज वेई तिंगला पहिल्यांदा घातला. उद्घाटनाला तीच घालून चालणार आहे. नाचणारी मुलगी आहे, चोवीस वर्षांची, पाठ सरळ. मी आणि मिस गोह, एक तास चाळीस मिनिटं. आधी आवळ चोळी, पाठीमागून नाडी ओढत. मग सांगाडा. मग परकर — त्याला दोघी लागतात, एकीने वर धरायचा, दुसरीने डोक्यावरून खाली घ्यायचा. मग झगा. मग छातीपुढची त्रिकोणी पट्टी, टाचण्या, बाह्यांच्या झालरी.

वेई तिंग म्हणाली, "आंटी, आय कॅनॉट इव्हन स्क्रॅच माय ओन नोज."

मी तिचं नाक खाजवलं. तिघी हसलो.

मग तिने विचारलं, कपडे घालणाऱ्या त्या बायकांची नावं सापडतात का कुठे? राण्यांची सापडतात, शिंप्यांची क्वचित सापडतात. म्हटलं, मला नाही माहीत. दोन तास कुणाच्या तरी अंगाशी खेटून उभ्या असणार त्या. काय बोलत असतील?

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सारंगला वेई तिंगच्या नाकाचं सांगितलं. आवाज करून हसला. मार्चनंतर पहिल्यांदा ऐकला मी तो आवाज. वल्लरीसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

मग त्याने स्वतःकडे बोट केलं. "मी? सतरा?"

उद्घाटनाला यायचं होतं त्याला. मी म्हटलं, अरे, व्हीलचेअर, गर्दी, मी पूर्ण वेळ मागे असणार, तुला कोण बघणार? पुढच्या वेळी नेईन.

पुढच्या वेळी तो पुण्यात असणार. हे दोघांनाही लगेच कळलं. मी बुटाचे बंद बांधत राहिले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं. आणि मी बघितलंच नाही!

वेई तिंगला तयार केलं, शेवटची टाचणी लावली, घोळ वर घेतला. फुलं समोर. पडद्यामागून ती आडवी बाहेर पडली. मी एका खोक्यावर टेकले, फक्त पाठ टेकावी म्हणून. जाग आली ती टाळ्यांनी. मिस गोह माझ्यासमोर उभी, हातात माझी पर्स. ती सगळा वेळ तिथेच उभी होती म्हणे, मला कुणी उठवू नये म्हणून.

वल्लरी प्रेक्षकांत होती. तिने फोनवर घेतलंय सगळं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

वल्लरीने बाबाला व्हिडिओ दाखवला. चार वेळा बघितला त्याने. सहा फुटांची ती निळी बाई सरकत सरकत येते, गुडघ्यात वाकते आणि उलट पावली मागे जाते, एकदाही मागे न बघता. भीती वाटली मला, व्हिडिओतसुद्धा.

मला दोन आठवडे सुट्टी दिलीय. झोपते आहे. उठते आहे. पुन्हा झोपते आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. चिवडा विकतचा आणला. सकाळी सारंगला नवा कुर्ता घातला. आज घाई नव्हती, तरी मी घाईच केली. हातांना सवय लागलीय. सांगायलाही काही उरलं नाही, झगा संपला. त्याने "पुढे?" विचारलं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पुण्याच्या फिजिओला द्यायला रिपोर्ट हवा होता म्हणून डे सेंटरला गेले. सात महिन्यांत आत पहिल्यांदाच गेले मी. रोज व्हॅन नेते, व्हॅन आणते. तिथली रोस्ना नावाची बाई फाइल घेऊन बसली. मलय आहे, पन्नाशीची, बडबडी. "अंकल व्हेरी गुड स्टुडंट, मॅडम! एव्हरी डे प्रॅक्टिस."

कसली प्रॅक्टिस?

"शर्ट लोर! वन हँड. बटन ऑल्सो. एव्हरीबडी वॉच हिम."

मी म्हटलं, तुमची चूक होतेय. कपडे मी घालते त्याला. रोज.

तिने कागद माझ्याकडे फिरवला. छापील तक्ता. वरचे कपडे घालणे आणि काढणे — मदतीशिवाय. पुढे सही. पुढे तारीख. एकोणतीस ऑगस्ट.

एकोणतीस ऑगस्ट! म्हणजे मी सोळा सप्टेंबरला ते बोलले, त्याच्याही आधीपासून. आठ आठवडे मी अंधारात उठतेय. आठ आठवडे तो हात ढिला सोडून बसतोय माझ्यासमोर. इतका राग आला की ब्लॉकखालच्या बाकावर बसून राहिले. वर जाववेना. माझी झोप, माझं कापड, माझ्या चुका — आणि हा मुकाट्याने बघत होता! पुण्याचं ठरलं तेव्हासुद्धा? "जातो" म्हणाला तेव्हासुद्धा?

घरी काही बोलले नाही. वल्लरीलाही नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी शर्ट गादीवर ठेवला आणि हाताची घडी घालून समोर उभी राहिले. सारंगने शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कळलं त्याला. शर्ट उचलला. नऊ मिनिटं लागली. शेवटचं बटण लावून मान खाली घालून बसला.

म्हटलं, का नाही सांगितलंस?

किती तरी वेळ शब्द जुळवत होता. मी या वेळी मधे बोलले नाही.

"मग तू... लवकर जाशील."

अदितीला फोन केला. म्हटलं, दादा येत नाही.